दगडी कुऱ्हाडी, थडगी आणि एक नोंदवही

ताज्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना सतत येणारे 'म्हणजे', 'काय म्हणतात ते' जमेल तेवढे काढलेत, पण बाकी बोललेलं तसंच ठेवलंय. ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा घरात लेकराला झोपवताना वाचायला बरं पडतं, त्यांच्यासाठी.

मागच्या भागानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "ताई, तुम्ही संग्रहालयात क्युरेटर आहात हे कळलं. पण दिवसभर दगडांकडे बघून तुम्ही नेमकं करता काय?" प्रश्न रास्त आहे. माझी आत्या हाच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारते. ती म्हणते, "दगडं पळून जात नाहीत, मग राखण कशाला?"

सरकारी भाषेत माझ्या पदाला अभिरक्षक म्हणतात, म्हणजे राखणारी. आत्याचं तेवढं बरोबर आहे. पण दगड पळून जात नाही, त्याचा पत्ता पळून जातो, आणि आजचा भाग त्याबद्दलच आहे. शिवाय थडग्यांबद्दल, कारण दगडी हत्यारांचं वय माणसाला पहिल्यांदा नीट कळलं त्यात थडग्यांचा फार मोठा हात आहे.

आधी अगदी मुळापासून. समोर एक दगड आहे. तो नदीत आपोआप फुटलाय की कुणी फोडलाय, हे कसं ओळखायचं?

काचेच्या जाड पेल्याला कडेला टोला बसला की शिंपल्यासारखा एक टवका उडतो, हे तुम्ही पाहिलं असेल. चकमक, जास्पर, कॅल्सिडोनी, आपल्याकडचा बारीक कणांचा काळा बेसॉल्ट, हे दगड साधारण तसेच फुटतात. जिथे टोला बसला तिथे एक छोटी सपाट जागा राहते. तिच्या लगेच खाली, उडालेल्या छिलक्याच्या आतल्या बाजूला, एक फुगवटा येतो. त्याच्यापासून पाण्यात खडा टाकल्यासारख्या लहरी पसरतात. मूळ दगडावर त्याचाच उलटा ठसा, म्हणजे खळगा, उरतो. असा एखादा खळगा असेल तर मी काहीच म्हणत नाही. बैलगाडीच्या चाकाखालीही दगड फुटतो, धबधब्याखाली तर रोज फुटतो. पण एकाच कडेने, दोन्ही बाजूंनी, आलटून पालटून, एकाच बेताचे दहा-पंधरा खळगे असले, आणि त्यातून एक सरळ धार तयार झाली असली, तर तिथे हात होता. नदी धार लावत नाही, ती धार घालवते.

हातकुऱ्हाड म्हणतात ती अशीच बनलेली असते. बदामाच्या किंवा नासपतीच्या आकाराची, एका बाजूला टोक, दुसऱ्या बाजूला तळहातात बसेल असा जाड बुंधा. नाव कुऱ्हाड असलं तरी तिला दांडा नसे. आमच्याकडे शाळेची मुलं आली की मी नमुन्यादाखल बनवलेली एक प्रतिकृती त्यांच्या हातात देते. काही न सांगता नव्वद टक्के मुलं ती बरोबर धरतात. हा माझा अंदाज हं, आकडेवारी नाही.

आता भारतातला या शोधाचा पहिला दिवस आपल्याला तारखेसकट ठाऊक आहे: ३० मे १८६३. रॉबर्ट ब्रूस फूट नावाचे भूवैज्ञानिक मद्रासजवळच्या पल्लावरमला फिरत होते. तिथल्या मुरमाच्या खाणीत त्यांना माणसाने घडवलेला एक दगड मिळाला. तेव्हा ते जेमतेम अठ्ठावीस वर्षांचे होते. युरोपात असले दगड खरोखरच अतिप्राचीन माणसाचे आहेत हे विद्वानांनी मान्य केल्याला तेव्हा चारच वर्षं झाली होती. त्याच वर्षी सप्टेंबरात फूट आणि त्यांचे सहकारी विल्यम किंग यांना अत्तिरमपक्कमला, म्हणजे आजच्या तामिळनाडूतच, अशा हत्यारांचा मोठा साठा मिळाला.

फूट पुढे चाळीसएक वर्षं वेचत राहिले. पण मला त्यांचं कौतुक वेचण्याचं नाही, ते बरेच जण करतात. त्यांनी कुठला दगड कुठे मिळाला ते लिहून ठेवलं. १९०४ मध्ये त्यांचा संग्रह मद्रासच्या सरकारी संग्रहालयाने विकत घेतला. फूट १९१२ मध्ये वारले आणि त्या संग्रहाची सूची त्यांच्यामागे, १९१४ मध्ये, छापून आली. ती सूची ठिकाणांप्रमाणे लावलेली आहे. वाचायला अतिशय रुक्ष. पण तिचा उपयोग बघा. अत्तिरमपक्कम ही जागा नावानिशी टिकली, म्हणून विसाव्या शतकाच्या शेवटी शांती पप्पू आणि त्यांचे सहकारी तिथे पुन्हा जाऊन शास्त्रशुद्ध खणू शकले. २०११ मध्ये त्यांनी जाहीर केलं की तिथल्या सर्वांत जुन्या हत्यारांचं वय सुमारे १५ लाख वर्षांपर्यंत जातं. वय दगडाच्या अंगावर लिहिलेलं नसतं. ते तो ज्या मातीत होता त्या मातीतून काढावं लागतं. माती जागेवर असते, दगड कपाटात, आणि दोघांना जोडणारी फक्त एक ओळ असते.

ही ओळ पुसली गेली तर काय होतं, ते मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मी स्वतः ती पुसलीये.

नोकरीचं पहिलं वर्ष. कुठलं संग्रहालय ते सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. कोठारात एका जुन्या मोहिमेतला ट्रे होता, एक्केचाळीस दगड, तीन वेगवेगळ्या नदीकाठच्या जागांवरचे. धुळीने इतके माखलेले की रंग कळेना. काही दगडांवर पांढऱ्या रंगाचा ठिपका आणि त्यावर शाईने क्रमांक, काहींना दोऱ्याने कागदी चिठ्ठी. पावसाळा तोंडावर होता आणि मला काम दाखवायचं होतं. मी टबात पाणी घेतलं, साबणाची पूड टाकली, आणि सरळ ब्रशने घासायला लागले.

शाईवर लाखेचा किंवा वार्निशचा हात दिलेला नव्हता, त्यामुळे ती विरघळली. तरी चिठ्ठ्या होत्या. त्या मी सोडवून, ज्याची त्याच्याशेजारी, टेबलावर वर्तमानपत्र पसरून वाळत ठेवल्या. एक खिडकी उघडी होती. आमचे शिपाई मामा आत आले, म्हणाले, "मॅडम, लवकर वाळंल," आणि त्यांनी पंखा लावला.

पाच नंबरवर.

मामांना मी आजही दोष देत नाही. चिठ्ठीवर दगड ठेवायचा सोडून दगडाशेजारी चिठ्ठी ठेवणारी मी.

साहेब आले, त्यांनी टेबलाकडे बघितलं, खाली जमिनीवर बघितलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "काल ही हत्यारं होती, आज दगड आहेत. रजिस्टर काढा."

हे रजिस्टर म्हणजे संग्रहालयातली अॅक्सेशनची नोंदवही. वस्तू संग्रहात आली की तिला एक क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकापुढे लिहिलं जातं: काय आहे, कुठून आलं, कुणी दिलं, कधी, मापं काय, कुठे मोडलंय. लोकांना वाटतं संग्रहालय म्हणजे काचेची कपाटं. मला विचाराल तर आग लागली तर मी आधी ते रजिस्टर उचलीन. (हल्ली त्याची संगणकातली प्रत आहे, त्यामुळे आता आधी माणसं, मग दगड.)

पुढचे अडीच महिने मी काय केलं ते सांगते, कारण खरं काम तिथे शिकले. प्रत्येक दगडाची लांबी, रुंदी, जाडी व्हर्निअरने मोजली, वजन केलं, आणि रजिस्टरमधल्या मापांशी जुळवत बसले. नोंद करणाऱ्या त्या जुन्या माणसाने, देव त्याचं भलं करो, मिलिमीटरपर्यंत मापं लिहिली होती. त्यातून पंधरा-सोळा दगड लगेच सुटले. मग दगडाची जात बघितली. एका जागेवर जास्पर आणि कॅल्सिडोनी जास्त, दुसरीकडे नुसता बेसॉल्ट. मग कडा. नदीत लोळत आलेल्या हत्याराच्या धारा बोथट, गोलसर होतात, जागेवरच पडून गाडलेल्याच्या धारा ताज्या राहतात, बोट फिरवलं तर कळतं. तिसऱ्या जागेच्या दगडांच्या खळग्यांत चुनखडीचं पांढरं कवच बसलेलं होतं. माझ्या साबणाने ते निघालं नाही म्हणून वाचले, नाहीतर तो पुरावाही गेला असता. शेवटी मोहिमेची मूळ मापाची चित्रं एका फाइलमध्ये मिळाली, त्यावर दगड शब्दशः ठेवून बघितले.

एक्केचाळीसपैकी तेहतीस घरी पोचले. आठ राहिले.

या आठांचं काय करायचं? आता खरं सांगते, मला मोह झाला. आठपैकी सहा बेसॉल्टचे होते, आणि बेसॉल्टची एक जागा होतीच. लिहून टाकलं असतं तर कुणाला कळणार होतं? मी साहेबांना तसं सुचवलंसुद्धा, "बहुधा तिथलेच असतील". ते म्हणाले, "तुमचं बहुधा उद्या दुसऱ्याच्या प्रबंधात नक्की होईल." मग मी रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: 'स्थळ अनिश्चित. धुताना क्रमांक गेले, चिठ्ठ्या निसटल्या.' खाली माझी सही, तारीख. सरकारी वहीत स्वतःची चूक स्वतःच्या अक्षरात लिहिणं काय असतं, ते ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल.

काही वर्षांनी एक संशोधक मुलगी आली. कुठल्या जागी लोकांनी कुठला दगड किती वापरला याचं प्रमाण ती काढत होती. शेरा वाचून तिने ते आठ बाजूला ठेवले. तिच्या कोष्टकात एका जागेचे एकूण बारा दगड होते. त्यात मी सहा ढकलले असते तर तिचं एक तृतीयांश उत्तर माझ्या कल्पनेतून आलं असतं.

आणखी एक गोष्ट, मग थडग्यांकडे वळू. घासणं ही तेव्हाची चूक नुसती क्रमांकापुरती नव्हती. सेर्गेई सेमेनोव नावाच्या रशियन संशोधकाने १९५७ मध्ये एक पुस्तक लिहिलं आणि दाखवून दिलं की दगडी धारेवर वापराच्या खुणा राहतात, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. कातडं खरवडलं तर वेगळी झीज, लाकूड तासलं तर वेगळी. गवत किंवा धान्याची ताटं कापली तर धारेवर एक चकाकी येते, विळ्याला येते तशी. म्हणजे त्या दगडाने काय कापलं ते त्याच्या धारेवर नोंदलेलं असतं, आणि मी ते तारेच्या ब्रशने घासायला निघाले होते. आता आमच्याकडे दगडी हत्यार आलं की धुवायचं का, हा निर्णय आधी होतो. बऱ्याचदा उत्तर 'नाही' असतं.

आता थडगी.

अश्मयुग, कांस्ययुग, लोहयुग हे शब्द आपण शाळेत पाठ केले. ते कुणी शोधले? कुणी उत्खनन करणाऱ्या साहसी माणसाने नाही. एका क्युरेटरने, कपाटं लावता लावता. क्रिस्टियान युर्गेनसेन थॉमसेन हा कोपनहेगनच्या व्यापाऱ्याचा मुलगा, नाण्यांचा शौकीन. १८१६ मध्ये त्याला डेन्मार्कच्या पुरावस्तू आयोगाचा सचिव नेमलं, बिनपगारी. देशभरातून आलेल्या वस्तूंचा ढीग एका चर्चच्या माळ्यावर पडला होता. १८१९ मध्ये त्याने तो लोकांना खुला केला. शेतकरी यायचे त्यांना तो स्वतः फिरवून दाखवायचा, कारण उद्या नांगराला काही लागलं तर तो माणूस आपल्याकडे यावा.

पण त्याच्यापुढचा प्रश्न बघा. दगडी कुऱ्हाड, कांस्याची तलवार, लोखंडी सुरी, सगळं मिसळलेलं. आधीचं कुठलं? 'दगड आधी, मग तांबं, मग लोखंड' अशी कल्पना जुनीच होती, रोमन काळापासूनची. कल्पना सगळ्यांनाच सुचते, सिद्ध कशी करायची? थॉमसेनने बघितलं की कोणत्या वस्तू कोणत्या वस्तूंबरोबर सापडतात. आणि त्यासाठी थडग्यासारखी सोयीची जागा नाही. घरात आजोबांची कुऱ्हाड आणि नातवाचा मोबाइल एकाच खुंटीवर असू शकतात. थडगं एकदा बंद झालं की (नंतर कुणी उघडलं नसेल तर) त्यात जे आहे ते एका दिवशी एकत्र ठेवलेलं असतं. मोठमोठ्या शिळांच्या खोल्यांमध्ये, जिथे मृतदेह न जाळता ठेवले होते, तिथे दगडी कुऱ्हाडी सापडत, धातू जवळपास नाहीच. जळकी हाडं भरलेल्या कुंभांबरोबर कांस्याच्या वस्तू. असं करत करत त्याने क्रम बसवला आणि १८३६ मध्ये एका छोट्या मार्गदर्शक पुस्तिकेत छापला. त्याचा तरुण मदतनीस वॉर्सो याने पुढे टेकाडं खणून तो पडताळून पाहिला.

म्हणून मी नव्या प्रशिक्षणार्थींना सांगते, थडग्यातल्या वस्तू कधीही वेगळ्या करू नका. सुंदर मणी दागिन्यांच्या कपाटात, कुऱ्हाड हत्यारांच्या कपाटात, मडकं मडक्यांत, अशी वाटणी जुन्या संग्रहालयांत सर्रास झालीये. बघायला छान दिसतं. पण त्या दिवशी ते एकत्र ठेवलेले होते, तेच तर सांगायचं होतं.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येते, आणि इथे लोकांचा हमखास एक घोटाळा होतो. नागपूरच्या आसपास, जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड या भागात शेकडो शिळावर्तुळं आहेत. मोठमोठे धोंडे गोलाकार लावलेले, आत दगडगोट्यांची आणि काळ्या मातीची भर. काटोल रस्त्याने जाताना कित्येकांनी न ओळखता बघितली असतील. लोक म्हणतात, "एवढे दगड, म्हणजे अश्मयुगातली!" डेन्मार्कच्या शिळाथडग्यांचे फोटो बाजूला ठेवले तर नात्यातली वाटतात. प्रत्यक्षात डेन्मार्कची ती थडगी इ.स.पू. ३५०० ते ३००० च्या सुमाराची, नवाश्मयुगातली. विदर्भातली वर्तुळं इ.स.पू. पहिल्या सहस्रकातली, आणि आत काय सापडतं? लोखंड! कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, घोड्याच्या तोंडातले लगाम. बाहेर दगड, आत लोहयुग. थडगं कशाचं बांधलंय त्यावरून त्याचं युग ठरत नाही. संगमरवरी समाधी बांधणारा माणूस काही अश्मयुगातला नसतो.

जुनापाणीची वर्तुळं उकरणाऱ्या पहिल्या लोकांत एक होता रिव्हेट-कार्नॅक. हुद्दा काय, तर मध्य प्रांत-वऱ्हाडचा कापूस आयुक्त. दिवसा कपाशी, सुट्टीत थडगी. १८७९ मध्ये त्याने त्यावर लेख छापला. धोंड्यांवर कोरलेले वाटीएवढे खळगे पाहून त्याला इंग्लंड-स्कॉटलंडमधले तसेच खळगे आठवले, आणि तो दोन्हीकडची माणसं एक असतील का, या विचारात वाहवत गेला. तो काळच तसा होता. पण खळगे नोंदवले हे त्याचे उपकार. पुढे १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी जुनापाणीला शिस्तीत उत्खनन केलं, आणि मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा, माहुरझरी, नायकुंड इथे. माहुरझरीला तांब्याच्या दागिन्यांनी मढवलेले घोड्यांचे अवशेष मिळाले. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली, म्हणजे थडग्यातली लोखंडी वस्तू बाहेरून विकत आणलेली असलीच पाहिजे असं नाही.

क्युरेटर म्हणून सांगायचं तर हे लोखंड म्हणजे डोकेदुखी. दगड पंधरा लाख वर्षं टिकतो. लोखंड अडीच हजार वर्षं मातीत तग धरून आमच्या कपाटात पंधरा पावसाळ्यांत पापुद्रे सोडायला लागतं, कारण मातीतले क्षार आत मुरलेले असतात आणि हवेत दमटपणा आला की ते जागे होतात. जुलैत सकाळी आल्यावर मी आधी चहा घेत नाही, लोखंडाच्या डब्यांतली सिलिका जेल बघते. निळी असेल तर चहा.

बरोबर येणारी मडकीही ओळखायला सोपी असतात. आतून आणि तोंडाकडे काळी, खाली तांबडी. दोन रंग लावलेले नाहीत. आव्यात उपडी ठेवून भाजली की आतल्या भागाला आणि काठाला हवा मिळत नाही, तिथे काळी राहते. बाहेर हवा लागते तिथे लाल होते.

आणि हाडं? गंमत अशी की काही वर्तुळांत माणसाचं हाड फारसं मिळतच नाही. कुठे थोडे तुकडे, कुठे तेही नाहीत. मग याला थडगं म्हणायचं की स्मारक? आमच्या फलकावर मी 'दफनस्थळ' खोडून 'मृतांसाठी उभारलेलं शिळावर्तुळ' केलं, त्यावर बैठकीत अर्धा तास वाद झाला. मला अजून वाटतं मी बरोबर होते.

हाडांवरून एक प्रसंग सांगते. याहून जुन्या, ताम्रपाषाण काळातल्या दफनांच्या विभागात. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षं सांकलिया, ढवळीकर, अन्सारी यांनी उत्खनन केलं. तिथे लहान मुलांना दोन मडकी तोंडाला तोंड लावून, आडवी करून त्यात ठेवत, आणि घराच्या जमिनीखाली पुरत. मोठ्यांना खड्ड्यात उताणं निजवत, आणि घोट्याखालची पावलं तोडलेली असत. एक माणूस मात्र चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात, बसलेल्या स्थितीत मिळाला. त्याची पावलं शाबूत. त्याचं स्थान वेगळं होतं हे उघड आहे.

आमच्याकडे अशा जोडकुंभाची प्रतिकृती मांडलेली आहे. एकदा एक बाई तिथे बराच वेळ उभ्या होत्या. मी जवळ गेले, म्हटलं माहिती सांगू का. त्या म्हणाल्या, "घरातच पुरायचे?" मी म्हटलं, "हो, जमिनीखाली." त्या थोडं थांबून म्हणाल्या, "मला दिलं असतं तर मीही घरातच ठेवलं असतं." आणि निघून गेल्या.

मला तेव्हा बोलता आलं नाही. पण फलकावर मी हे लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही. 'बाळ आईपासून दूर जाऊ नये म्हणून' असं लिहिणारे फलक मी पाहिलेत. वाचून डोळ्यांत पाणी येतं. पण मडकी कुठे होती ते आपल्याला माहीत आहे, का होती ते नाही. बाईंनी त्यांचं सांगितलं, तो त्यांचा हक्क होता. मी ते तीन हजार वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तोंडी घातलं तर ते पुन्हा त्या आठ दगडांसारखंच होईल. फलकात मी फक्त एक बदल केला. आधी तिथे 'बालदफन, जोडकुंभ' एवढंच होतं, आता 'राहत्या घराच्या जमिनीखाली' हेही आहे.

आता श्रोत्यांचे प्रश्न. बहुतेकांचा एकच आहे: "शेतात असा दगड मिळाला तर काय करू?" उचलू नका, हे पहिलं. उचललाच असेल, कारण उचलल्याशिवाय कळणार कसं म्हणा, तर धुऊ नका. जिथे मिळाला तिथे उभं राहून मोबाइलमध्ये लोकेशन टाकून फोटो काढा, बाजूला नाणं किंवा काडेपेटी ठेवा म्हणजे आकार कळेल. मग राज्याच्या पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या जवळच्या कार्यालयाला किंवा जवळच्या संग्रहालयाला कळवा. जमिनीत पुरलेला ऐवज सापडला तर कलेक्टरला कळवायला सांगणारा १८७८ चा निखात निधी कायदाही आहे, मर्यादा दहा रुपयांची! आणि कृपया देवळात ठेवू नका. हे मी गमतीने म्हणत नाही. उत्तर प्रदेशात बांदा भागात शेतात मिळालेल्या गुळगुळीत दगडी कुऱ्हाडी लोक पिंपळाखाली देव म्हणून ठेवत. तेच आपले रिव्हेट-कार्नॅक साहेब पुढे तिकडे गेले तेव्हा त्यांनी त्या झाडाखालून गोळा केल्या. कुऱ्हाडी टिकल्या खऱ्या, पण कुठल्या शेतातल्या, ते आता कोण सांगणार?

शेवटचा प्रश्न नागपूरकडच्या एका श्रोत्याचा. त्यांच्या वडिलांनी वीस वर्षांपूर्वी शेतातल्या वर्तुळाचे तीन धोंडे बैलांनी ओढून बांधावर नेले. आता त्यांना वाईट वाटतंय. ते विचारतात, अंदाजाने परत जागेवर लावून देऊ का?

दादा, नका लावू. अंदाजाने लावलेला धोंडा खरा वाटेल आणि उद्या त्यावरून कुणीतरी मापं घेईल. बांधावर आहेत तिथेच राहू देत. धोंडा उचललेल्या जागी मातीत खळगा उरलेला असू शकतो, नांगराने भरला असला तरी खाली माती वेगळी लागते. ते जाणकाराला बघू द्या. तोवर तिथे खोल नांगरट करू नका, आणि वडील आहेत तोवर त्यांना शेतात नेऊन विचारा, कुठला धोंडा कुठून ओढला होता. ते बोलताना रेकॉर्ड करा.

हे मी त्यांना कळवलं, त्यावर त्यांचे फोटो आलेत. बांधावरचे तिन्ही धोंडे, लोकेशनसकट, आणि नाणं फार लहान दिसेल म्हणून प्रत्येक धोंड्याशेजारी स्वतःची चप्पल ठेवलीये. खाली लिहिलंय: 'चप्पल नऊ नंबर.' वडिलांचं रेकॉर्डिंग दिवाळीत करतो म्हणालेत.